यंत्राची नजर आणि आपली जबाबदारी

(नभोवाणीवरील भाषण)

गोंदियाहून वैनगंगेच्या बाजूने उत्तरेस गेले म्हणजे बालाघाट जिल्हा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्यप्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. परंतु सोयरीक, बाजारहाट आणि दुखणे यांना सरहद्द ठाऊक नसते. आजही बालाघाटकडील अडलेली बाळंतीण कित्येकदा गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात येते आणि जुनाट खोकल्याचा रोगी नागपूरची वाट धरतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांच्या थोडी वर आहे. क्षेत्रफळ सुमारे ९,२०० चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याच्या आसपास भाग अरण्याने व्यापलेला आहे. बैहरच्या बाजूस गोंड व बैगा यांच्या वस्त्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. भाताची शेती, वनोपज, भरवेली, उकवा व तिरोडी येथील मँगनीजच्या आणि मलाजखंड येथील तांब्याच्या खाणी यांवर येथील माणसाचा निर्वाह चालतो.

अशा प्रदेशात वैद्यकाला दोन जुने प्रश्न सोडवावे लागतात. क्षयाचा रोगी वेळीच ओळखावयाचा कसा, हा पहिला. गरोदर स्त्रीवर येऊ घातलेले संकट प्रसूतीच्या वेणा सुरू होण्याआधी जाणावयाचे कसे, हा दुसरा. या दोन्ही कामी आता संगणकाचे साहाय्य मिळू लागले आहे. ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता असे नाव पडले आहे, ती छातीचा फोटो वाचू शकते आणि सोनोग्राफीचे चित्रही पाहू शकते. हे साधन नेमके काय करते, काय करू शकत नाही आणि ते हाती आल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम क्षयाकडे वळू. बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. रोगाचे कारण कळले आणि छातीच्या आत डोकावण्याची खिडकीही उघडली. तरीही २०२३ या एका वर्षात जगात १ कोटी ८ लाख माणसांना क्षय झाला, आणि त्यांतील चार जणांमागे एकाहून किंचित अधिक आपल्या देशातील होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोग बरा करणारी औषधे उपलब्ध आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळतात. सहा महिने ती नियमाने घेतली तर साधा क्षय बरा होतो. असे असता रोग हटत का नाही? याचे एक मोठे कारण असे की, रोगी आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रोग त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचलेला असतो.

भारतात १९५५ ते १९५८ या काळात क्षयाची पहिली मोठी पाहणी झाली. क्ष-किरण यंत्रे मोटारींवर चढवून गावोगाव नेण्यात आली व लाखो लोकांच्या छातीचे छोटे फोटो घेण्यात आले. क्षय हा शहरातील गिरण्यांचा व चाळींचा रोग आहे, असा तोपर्यंत समज होता. पाहणीत दिसून आले की, खेडेही त्याने तितकेच पोखरलेले आहे. पुढे १९५६ साली मद्रासेत सुरू झालेल्या प्रयोगाने आणखी एक समज मोडून काढला. मिरज-पाचगणीसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात राहिल्यावाचून क्षय बरा होत नाही, ही समजूत १९५९ साली त्या प्रयोगाचे निष्कर्ष आले तेव्हा मागे पडली. घरी राहून औषध घेणारा रोगीही तितकाच बरा होतो, असे सिद्ध झाले.

याच काळातील तिसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. बंगलोर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. बॅनर्जी व अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले अशा रोग्यांची त्यांनी विचारपूस केली. बहुतेकांना आपल्या दुखण्याची जाणीव होती, आणि निम्म्याहून किंचित अधिक रोगी तर आपण होऊन दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याचे औषध मिळाले, आणि ते घरी परतले. रोगी दाराशी आला होता. दवाखान्याने त्याला ओळखले नाही. साठ वर्षांपूर्वीचा हा निष्कर्ष आजच्या यंत्रयुगातही आपण विसरता कामा नये.

त्यानंतर गावोगाव सरसकट फोटो काढण्याची पद्धत हळूहळू मागे पडली. फिल्म महाग होती, यंत्रे अवजड होती आणि वाचणारे तज्ज्ञ थोडे होते. शिवाय एकाच फोटोविषयी दोन तज्ज्ञांची मते भिन्न पडत. इतकेच काय, तोच फोटो काही दिवसांनी पुन्हा समोर ठेवला तर त्याच तज्ज्ञाचे मत बदललेले आढळे. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट फोटोचा मार्ग सोडून द्यावा, असा सल्ला दिला. ज्याला खोकला येतो त्याची थुंकी तपासावी, हा साधा व स्वस्त मार्ग राहिला.

तो मार्ग वाईट नव्हता, पण अपुरा होता. २०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात पुन्हा राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात असे आढळले की, केवळ लक्षणे विचारून थांबलो असतो, छातीचा फोटो घेतला नसता, तर सापडलेल्या रोग्यांपैकी ४२.६ टक्के रोगी निसटून गेले असते. त्यांना सांगण्याजोगा खोकला नव्हता, ताप नव्हता. छातीत मात्र रोग होता. ज्यांना लक्षणे होती, त्यांच्यापैकीही सुमारे ६४ टक्के लोक कोणत्याही वैद्याकडे गेलेले नव्हते. फोटोची आवश्यकता या पाहणीने पुन्हा अधोरेखित केली. प्रश्न राहिला तो असा की, फोटो काढणार कोण आणि वाचणार कोण?

येथे नवे यंत्र उपयोगी पडते. साडेतीन किलोच्या आसपास वजनाचे, हातात धरता येईल असे क्ष-किरण यंत्र आता निघाले आहे. ते पाठीवरच्या पिशवीत घालून मोटार जात नाही अशा वस्तीवर नेता येते. एका फोटोने अंगात जाणारे किरण फार अल्प असतात. निसर्गतः आठ-दहा दिवसांत आपल्या वाट्याला जेवढे येतात, तेवढेच. हा फोटो लगेच संगणकात उतरतो. पूर्वी तज्ज्ञांनी वाचून ठेवलेले लक्षावधी फोटो दाखवून या संगणकाला शिकविलेले असते. रोगट छातीत सावली कोठे पडते आणि निरोगी छाती कशी दिसते, याचा ठसा त्याच्या गणितात उमटलेला असतो. नवा फोटो पाहून तो क्षयाचा संशय किती, याचा आकडा देतो आणि फुप्फुसाच्या ज्या भागाबद्दल संशय असेल तो रंगवून दाखवितो. यास मिनिटभरही लागत नाही. तो थकत नाही आणि सकाळचे मत संध्याकाळी बदलत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या माणसांच्या चाळणीसाठी या पद्धतीस मान्यता दिली. आपल्या देशात ७ डिसेंबर २०२४ रोजी ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयशोध मोहीम सुरू झाली, तीतही हातातील क्ष-किरण यंत्रांचा उपयोग करण्यात आला. अशा संगणकीय पद्धती तयार करणाऱ्यांत मुंबई-पुण्याकडील संस्थाही आहेत, हे मराठी श्रोत्यांस ऐकून समाधान वाटेल.

मी मघाशी चाळणी हा शब्द वापरला. तो नीट समजून घेतला पाहिजे. चाळणी धान्य शिजवीत नाही. ती फक्त निवडून बाजूस काढते. संगणकाचा आकडा म्हणजे रोगाचे निदान नव्हे. एक हिशेब करून पाहू. वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील एक लाख माणसांत फुप्फुसाचा क्षय असलेली सुमारे ३१६ माणसे निघतात. म्हणजे हजारी तीन. आता अशा चाळणीकडून किमान काय अपेक्षावे, याचे जे माप ठरले आहे ते असे की, शंभर रोग्यांपैकी नव्वद तिने पकडावेत आणि शंभर निरोग्यांपैकी सत्तर जणांना मोकळे सोडावे. या मापाने एका मोठ्या गावातील हजार माणसांचे फोटो काढले, तर यंत्र सुमारे तीनशे जणांकडे बोट दाखवील. आणि त्या तीनशेंत खरे रोगी असतील तीन! प्रत्यक्षात यंत्र याहून पुष्कळ चांगले काम करू शकते. शंभरांपैकी नव्वद निरोग्यांना त्याने मोकळे केले असे धरले, तरीही शंभर जणांवर संशय येईल आणि रोगी तीनच असतील.

यावरून यंत्र निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. हजारांतून शंभर निवडून देणे हे लहान काम नव्हे. पण त्या शंभरांची थुंकी तपासली गेली पाहिजे, आणि तीही त्याच आठवड्यात. त्यासाठी जंतूंची जनुके ओळखणाऱ्या चाचण्या आहेत. त्यांतील ट्रूनॅट ही चाचणी गोव्यातील एका कंपनीने बनविली असून तिला २०२० साली जागतिक मान्यता मिळाली. ही यंत्रे लहान असून तालुक्याच्या दवाखान्यातही चालतात. परंतु त्यांना लागणाऱ्या चकत्या संपल्या असतील, तंत्रज्ञाची जागा रिकामी असेल किंवा डोंगरावरून थुंकीची डबी आणणारा माणूस नसेल, तर संगणकाच्या पडद्यावरील रंगीत डाग तेथेच राहतो. ज्याला संशयित म्हटले तो मात्र गावात बदनाम होतो. त्याच्या मुलीची सोयरीक मोडते, त्याला शेजारी पाणी देत नाहीत. म्हणून मी असे म्हणतो की, ज्या गावात पुढची तपासणी व औषध पोहोचविण्याची तयारी नाही, तेथे आधी यंत्र नेऊ नये.

बालाघाटच्या खाणींचा प्रश्न आणखी बिकट आहे. दगड फोडताना उडणाऱ्या बारीक सिलिकायुक्त धुळीने फुप्फुस कठीण होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्याचे डाग फोटोत क्षयासारखे दिसू शकतात. उलट, ज्याला सिलिकोसिस आहे त्याला क्षय होण्याचा धोकाही इतरांहून कितीतरी पट अधिक असतो. म्हणून खाणकामगाराच्या फोटोबद्दल यंत्राने संशय घेतला, तर त्याला धुळीचे डाग म्हणून सोडून देणे जितके चुकीचे, तितकेच थुंकी न तपासता क्षयाची औषधे सुरू करणेही चुकीचे. हा माणूस कोठे काम करतो, किती वर्षे करतो, हे विचारणारा डॉक्टर तेथे हवाच. जुना बरा झालेला क्षयही छातीत आपला व्रण ठेवून जातो, आणि यंत्र त्यालाही पुष्कळदा रोग समजते.

दुसरे असे की, एका प्रदेशात ठरविलेला आकडा दुसऱ्या प्रदेशास लागू पडेलच असे नाही. मध्यप्रदेशातच याचे उदाहरण आहे. जबलपूर येथील जनजाती आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना उत्तरेकडील सहरिया जमातीत क्षयाचे प्रमाण लाखामागे दीड हजारांच्या घरात आढळले. देशाच्या सरासरीच्या चौपट-पाचपट. जेथे रोग एवढा दाट आहे तेथे संशयाची मर्यादा खाली आणावी लागेल, आणि जेथे विरळ आहे तेथे वर न्यावी लागेल. बैगांच्या वस्तीसाठी कोणती मर्यादा योग्य, हे तेथील माणसांचे फोटो व तेथील थुंकी ताडून पाहूनच ठरवावे. यंत्र विकणाऱ्याच्या कागदावरून ठरवू नये. मुलांच्या बाबतीत तर या यंत्रावर विसंबून राहता येत नाही, कारण पंधरा वर्षांखालील वयासाठी त्याची शिफारसच झालेली नाही.

आता गरोदर स्त्रियांकडे येऊ. २०१८ ते २०२० या काळातील सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण महाराष्ट्रात ३३ होते आणि मध्यप्रदेशात १७३. हे आकडे सबंध राज्यांचे आहेत, एकेका जिल्ह्याचे नव्हेत. तरीही शेजारच्या दोन राज्यांत पाचपटींचे अंतर असावे, ही गोष्ट मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

गर्भ किती आठवड्यांचा आहे, जुळे आहे काय, मूल पायाळू आहे काय, वार गर्भाशयाच्या तोंडाशी आली आहे काय, या गोष्टी आधी कळल्या तर बाईला वेणा सुरू होण्यापूर्वीच मोठ्या दवाखान्याजवळ आणून ठेवता येते. चोवीस आठवड्यांच्या आत एकदा सोनोग्राफी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. अडचण अशी की, सोनोग्राफी करण्यास शिकलेला हात लागतो. याबाबत झँबियाची राजधानी लुसाका व अमेरिकेतील चॅपेल हिल येथे झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. ज्यांना सोनोग्राफीचे शिक्षण नाही अशांनी लहानशी दांडी ठराविक रेषांत पोटावरून फिरविली आणि गर्भाचे वय संगणकाने काढले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा वयात सरासरी ३.२ दिवसांची चूक निघाली, तर शिकलेल्या तंत्रज्ञांनी काढलेल्या वयात ३ दिवसांची. हे अंतर नगण्य आहे.

मग हे यंत्र आशा कार्यकर्तीच्या हाती का देऊ नये? या ठिकाणी आपल्या देशाचा एक कटू इतिहास आडवा येतो. गर्भातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्यासाठी याच यंत्राचा दुरुपयोग झाला. त्याविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि १९९४ साली सबंध देशासाठी कायदा झाला. त्याप्रमाणे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र नोंदलेले असावे लागते आणि ते पात्र डॉक्टरानेच, नोंदलेल्या जागी वापरावयाचे असते. खेड्यात यंत्र नेण्याच्या उत्साहात हे बंधन सैल करावे, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी बालाघाटकडेच पाहावे. २०११ च्या शिरगणतीत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. मध्यप्रदेशातील कोणत्याही जिल्ह्याहून अधिक. आदिवासी व शेतकरी समाजाने जे राखले, ते यंत्राच्या सोयीपायी गमावणे परवडणारे नाही.

यातून मार्ग नाही असे नाही. पडद्यावर चित्रच न उमटविता केवळ आठवडे, जुळे-एकटे आणि मुलाची स्थिती एवढेच सांगणारे यंत्र बनविणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे. त्याला परवानगी द्यावयाची की नाही, हे संसदेने उघड चर्चा करून ठरवावे. तोपर्यंत तालुक्याच्या रुग्णालयात, नोंदलेल्या यंत्रावर, डॉक्टराच्या मदतीस संगणक बसविता येईल. तेवढ्यानेही रांगेतील अनेक बायांचा दिवस वाचेल.

आणि एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडे बाळंतीण प्रामुख्याने दगावते ती रक्तस्राव, रक्तदाब आणि जंतुदोष यांनी. पंडुरोगाने आधीच क्षीण झालेली स्त्री थोड्या रक्तस्रावानेही जाते. यांतील बऱ्याच गोष्टी ओळखण्यास संगणक लागत नाही. रक्तदाब मोजण्याची पट्टी, रक्तातील लोहद्रव्य पाहण्याची साधी तपासणी आणि दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांसाठी ठेवलेला तपासणीचा दिवस चुकू न देणारी परिचारिका एवढी सामग्री पुरते.

क्षय आणि गर्भारपण हे दोन विषय मी एकत्र घेतले, त्यास कारण आहे. गरोदर बाईला थकवा आला, अन्न नकोसे झाले, वजन वाढेना, तर घरची माणसे तो गर्भारपणाचाच भाग समजतात, आणि तिचा क्षय लपून राहतो. क्ष-किरणांनी मुलाला अपाय होईल या भीतीने तिचा फोटोही कोणी काढीत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीच्या वेळी तिला चार प्रश्न विचारले जावेत: खोकला आहे काय, ताप येतो काय, वजन घटले वा वाढायचे थांबले काय, रात्री घाम येतो काय? एकाचेही उत्तर होय आले तर थुंकी तपासावी. डॉक्टरांना आवश्यक वाटले तर पोट झाकून छातीचा फोटोही काढता येतो. गर्भापर्यंत पोहोचणारे किरण अत्यल्प असतात. क्षयाची नेहमीची औषधेही गरोदरपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. ती न घेण्यात धोका अधिक आहे.

रोग सापडल्यावरही काम संपत नाही. सहा महिन्यांची औषधे आणि पोटभर अन्न या दोन्ही गोष्टी रोग्यास लागतात. झारखंडात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात रोग्याच्या कुटुंबीयांना पौष्टिक शिधा देण्यात आला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक रोग्यास उपचाराच्या काळात दरमहा एक हजार रुपयांचे पोषणसाहाय्य ठरविले आहे. ते त्याच्या खात्यात वेळेवर जमा होते की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे. वनोपजासाठी किंवा मजुरीसाठी गोंदिया-नागपूरकडे गेलेल्या रोग्याचा उपचार सरहद्दीवर तुटू नये, यासाठी क्षयरोग्यांची नोंद देशभर एकाच पद्धतीने होते. तिचा उपयोग दोन्ही राज्यांतील कर्मचाऱ्यांनी केला पाहिजे.

श्रोतेहो, आपल्या गावात असे यंत्र आले तर भिऊ नका. छातीचा फोटो अवश्य काढून घ्या. यंत्राने संशय घेतला तर घाबरून लपू नका. थुंकी द्या आणि निकाल मागून घ्या. यंत्राने निर्दोष म्हटले, पण खोकला दोन आठवड्यांवर राहिला, तर पुन्हा दवाखान्यात जा. ज्याच्यावर संशय आला त्याच्या घरचे पाणी टाकू नका. आणि जे अधिकारी यंत्र घेऊन येतील त्यांना नम्रपणे एवढेच विचारा की, ज्यांची छाती आज आपण पाहणार, त्यांची थुंकी केव्हा तपासली जाईल आणि औषध कोण आणून देईल? त्यांच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर तारखेसह असले पाहिजे. तुमकूरचे ते रोगी दवाखान्याच्या दारी येऊन खोकल्याचे औषध घेऊन परतले. बैहरच्या डोंगरातील रोग्याच्या बाबतीत तसे घडू नये, ही काळजी आपण सर्वांनी घ्यावयाची आहे.